वांड मुलाबरोबरचा दिवस: धिंगाण्याला जागा कशी करून द्यावी

तीन ते पाच वर्षांचं मूल सकाळी डोळे उघडल्यापासून घर डोक्यावर घेतं, तेव्हा घरातल्या मोठ्यांचा बहुतेक वेळ त्याला अडवण्यात जातो. 'पळू नकोस', 'चढू नकोस', 'हात लावू नकोस', 'ओरडू नकोस'. संध्याकाळपर्यंत मूलही पिसाळलेलं असतं आणि आईबापही. अशा मुलाचा जोर दाबून कमी होत नाही. त्याला दिवसातून दोन-तीन वेळा हक्काची वाट मिळाली, तर उरलेला दिवस बराच सुरळीत जातो आणि त्या मुलातली गंमत घरच्यांना दिसू लागते. ही वाट कुठे, कधी आणि किती काढून द्यायची, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं पुण्यातली आहेत, कारण फ्लॅट, खालच्या मजल्यावरचे शेजारी, टेकड्या, दुचाकी आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा विचार न करता दिलेला सल्ला इथल्या घरात टिकत नाही.

आधी आठवडाभर नोंद ठेवा

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांपासून एक अभ्यास सुरू केला आणि तीच मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. मुलाचा पिंड नऊ गोष्टींवरून ओळखता येतो, अशी त्यांची मांडणी होती: हालचाल किती, भूक-झोप वेळेवर की अवेळी, नव्या गोष्टीकडे धाव की माघार, बदल पचवायला लागणारा वेळ, भावनांचा जोर, एकंदर मूड, लक्ष किती पटकन उडतं, चिकाटी किती, आणि आवाज-उजेड-स्पर्श किती बोचतो. यातला कुठलाच पिंड वाईट नसतो. पिंड आणि घर यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंचसं ठरतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आपल्याला तो रोज उपयोगी पडतो.

कारण सगळी वांड मुलं सारखी नसतात. एकाला नुसतं पळायचं असतं. मोकळं मैदान मिळालं की ते खूश. दुसऱ्याचं पळण्याचं फारसं नसतं, पण हातातला खेळ मध्येच सोडायला लागला की ते भोकाड पसरतं. तिसऱ्याला मिक्सरचा आवाज, कॉलरमागचं लेबल, हात धुताना भिजलेली बाही सहन होत नाही, आणि घरच्यांना वाटतं की ते उगाच किरकिर करतंय. पहिल्याला टेकडी हवी, दुसऱ्याला पूर्वसूचना हवी, तिसऱ्याचं लेबल कात्रीने काढून टाकलं की निम्मं भांडण मिटतं.

आपलं मूल कुठल्या वळणाचं आहे, हे आठवणीवर सोडू नका. चिडलेल्या माणसाला 'हा दिवसभर असाच करतो' एवढंच आठवतं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चार रकाने आखा: वेळ, त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं, शेवटचं खाणं आणि झोप कधी झाली, आणि प्रकरण कसं संपलं. सात दिवस, एका प्रसंगाला एक ओळ. बहुतेक घरांत दंग्याच्या ठरावीक वेळा दिसतात: सकाळी व्हॅन यायच्या आधीचा अर्धा तास, शाळेतून आल्यानंतरचा तासभर, आणि संध्याकाळी सहा ते आठ. नीट पाहिलं तर त्यातले बरेच प्रसंग एक काम सोडून दुसऱ्याकडे जाताना झालेले असतात. झोपेतून अंघोळीकडे, खेळातून जेवणाकडे, बागेतून घराकडे. सगळा दिवस सुधारायला जाऊ नका. त्या दोन-तीन जागा निवडा.

अंगातला जोर बाहेर काढणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी असावीत, असं त्यात आहे. फ्लॅटमधल्या मुलाची ही ६० मिनिटं आपोआप होत नाहीत. ती ठरवून करावी लागतात आणि शक्यतो दोन हप्त्यांत: सकाळी २० मिनिटं, संध्याकाळी ४०. सकाळचा हप्ता लोक टाळतात, पण शाळेच्या आधी सोसायटीच्या आवारात सायकलच्या चार चकरा मारलेलं मूल बूट घालताना कमी भांडतं. हे करून पाहण्यासारखं आहे.

पुण्याचं भाग्य असं की टेकड्या गावात आहेत. हनुमान टेकडी, तळजाई, वेताळ टेकडी, बाणेरची टेकडी; कुठूनही एखादी जवळ पडते. चार वर्षांच्या मुलाला तळजाईची झाडीतली सपाट वाट सगळ्यात सोयीची, कारण पळायला जागा आहे आणि दरीची भीती नाही. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. मोजत चढायच्या म्हटलं की आकडे शिकणारं मूल हौसेने चढतं. उतरताना मात्र हात धराच, दगडी पायऱ्या पावसात निसरड्या होतात. बरोबर अर्धा लिटर पाणी, एक केळं किंवा गूळपोळी, एक जादा चड्डी आणि गोळा केलेले दगड ठेवायला कापडी पिशवी. पिशवी विसरलात तर दगड तुमच्या खिशात येतील. किती वेळात वर पोचलो याचा हिशेब करू नका. मुंगळ्यांच्या रांगेपाशी दहा मिनिटं गेली, तर ती टेकडीवर घालवलेलीच दहा मिनिटं आहेत.

सारसबाग, संभाजी उद्यान, कमला नेहरू पार्क, पेशवे उद्यानातली फुलराणी हे ठरलेले पर्याय आहेतच. महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. बंद दारासमोर उभं राहून 'आज नाही, उद्या येऊ' समजावणं फार महागात पडतं, म्हणून वेळ आधी पाहून निघा.

बागेतून निघायचं कसं

खरी कसोटी इथे असते. बागेत जाणं सोपं, बाहेर पडणं अवघड.

पोचल्या पोचल्याच सांगा: "बागेतले दिवे लागले की आपण निघायचं." निघायच्या दहाएक मिनिटं आधी मुलाजवळ जा, उकिडवे बसून त्याच्या डोळ्यांत बघा आणि म्हणा, "आता अजून तीन घसरगुंड्या." पाच मिनिटं म्हणजे किती, हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, तीन घसरगुंड्या कळतात. मोजायचं त्यानेच, मोठ्याने. दुसरी झाली की पुढचं काम त्याच्या हातात द्या: "गाडीची किल्ली तू सांभाळ", "बाबाची चप्पल कुठंय, शोध बरं." तिसरी झाली की हात धरून निघा आणि बोलणं कमी ठेवा. रडलं तर, "अजून खेळायचं होतं ना, मला कळतंय. उद्या परत येऊ," एवढंच. पाय चालूच ठेवा.

पहिले चार-पाच दिवस कदाचित उचलून आणावं लागेल. त्या दिवसांत 'बरं, एकच' असं एकदा जरी दिलं, तरी तीनचा अर्थ चार होतो आणि पुढे चारचा सहा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लांबच्या बाकावरून, मोबाइलमधून मान वर न करता, "चल रे, उशीर झाला" असं ओरडत राहणं आणि सहाव्यांदा खरंच उठणं. पहिल्या पाच हाकांना अर्थ नसतो, हे मूल आठवड्याभरात शिकतं. म्हणून हाक एकदाच, जवळ जाऊन.

हीच रीत घरात चालते. 'जेवायला ये' म्हणण्याआधी, "तो शेवटचा डबा जोडून झाला की गाडी इथे स्टेशनवर लाव, आणि मग पानं घेऊ." खेळ मोडून न टाकता जेवणानंतर तो तिथूनच सुरू करता येईल अशी जागा ठेवली, तर बदलाची चीड येणारं मूलही उठतं.

भर रस्त्यात लोळण घेतली तर

लक्ष्मी रस्ता किंवा तुळशीबाग, संध्याकाळचे सात, हातात तीन पिशव्या, आणि मूल खेळण्याच्या दुकानासमोर फतकल मारून बसलं आहे. चार बायका थांबून बघतायत. यात सगळ्यात आधी सांभाळायचं ते आपलं डोकं, कारण बघणाऱ्यांच्या लाजेनेच आपण एकतर खेळणं घेऊन देतो किंवा पाठीत धपाटा घालतो.

पहिलं काम, मुलाला वाहनांपासून आणि काचेच्या मालापासून दूर घ्या. दुकानाच्या बाजूचा बोळ, जिन्याखालची जागा, देवळाची पायरी, काहीही चालेल. दुसरं, त्याच्या उंचीला बसा. तिसरं, एकच वाक्य, हळू आवाजात: "तुला ती गाडी हवीये. आज घ्यायची नाही, म्हणून राग आलाय." मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण आहे. ऐन भरात मुलाच्या कानावर पडलेलं काही डोक्यात शिरत नाही. तुम्ही जितकं समजवाल, तितका आवाज वाढतो. हातपाय आपटत असेल तर जवळ राहा, पण जबरदस्तीने मिठी मारू नका. काही मुलांना मिठीने बरं वाटतं, काहींना त्या वेळी स्पर्श नको असतो. तुमचं मूल कुठलं, हे नोंदवहीत सापडेल.

बऱ्याचदा काही मिनिटांत रागाचं रडणं बदलतं, आवाज खाली येतो आणि हुंदके सुरू होतात. ते ओळखायला शिका. हुंदके सुरू झाले की मूल जवळ येतं. तेव्हा घोटभर पाणी, पाठीवरून हात, आणि लगेच चालायला लागा. उपदेश तिथे नको. घरी गेल्यावर, खाऊन-पिऊन झाल्यावर दोन वाक्यं पुरतात.

इथे चुकतं ते असं. पाच मिनिटं 'नाही' म्हणून सहाव्या मिनिटाला गाडी घेऊन दिली, तर आपण मुलाला सहा मिनिटं रडायला शिकवलं. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा हट्टाला चिवटपणा फार येतो. घेऊन द्यायचीच असेल, तर पहिल्या विनंतीलाच हो म्हणा. त्यात काही वाईट नाही. 'पोलीस पकडून नेतील', 'मी तुला इथेच सोडून जाते' या धमक्या तर कधीच नकोत. गर्दीत खरंच चुकामूक झाली, तर ज्या पोलिसाकडे मुलाने धावत जायला हवं, त्यालाच ते घाबरून बसतं. आणि मार देऊन रडणं थांबतं ते भीतीने. राग आला की काय करायचं, हे ते मारातून शिकत नाही. राग आला की मारायचं, हे मात्र पक्कं शिकतं.

यापेक्षा सोपा उपाय घरातून निघतानाच करायचा असतो. भुकेल्या किंवा दुपारी न झोपलेल्या मुलाला संध्याकाळी खरेदीला नेऊ नका. न्यावंच लागलं तर आधी खायला घाला, काय घ्यायचंय ते सांगा आणि त्याला एक काम द्या: "हिरव्या बांगड्या कुठे दिसतात ते तू बघायचं."

आजी-आजोबा आणि एकच नियम

सदाशिव पेठेतला जुना वाडा असो की कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलाला सांभाळणारी माणसं एकाहून जास्त असतात आणि प्रत्येकाचं 'नाही' वेगळं असतं. हे एक करायला जाऊ नका, जमत नाही. तीनच नियम घरातल्या सगळ्यांनी मान्य करा. आमच्या मते ते हे: मारायचं नाही (मुलानेही आणि मोठ्यांनीही), रस्त्यावर हात सोडायचा नाही, आणि जेवताना मोबाइल नाही. बाकी लाडू किती, टीव्हीवर कार्टून कोणतं, पायमोजे घालायचे की नाही, हे ज्याच्या ताब्यात मूल असेल त्याने ठरवावं.

सासूबाईंशी बोलायचं तर मूल रडत असताना नको. दुपारच्या चहाला: "आई, तो रडायला लागला की तुम्हाला बघवत नाही, ते मला कळतं. तुम्ही त्याला जवळ घ्या, पाणी द्या. फक्त मी 'नाही' म्हटलेली वस्तू देऊ नका, म्हणजे तो आपल्या दोघींत फिरणार नाही." आजीच्या हातून एक मोठं काम काढून घेतल्यासारखं वाटू नये, म्हणून तिला दुसरं सोपवा. गोष्ट सांगणं, शेंगा सोलायला बसवणं, देवपूजेची फुलं ताटलीत मांडून घेणं. चळवळ्या मुलाला ही कामं आजीकडूनच उत्तम शिकता येतात.

पाऊस आणि चौथा मजला

जूनच्या मध्यापासून बाग चिखलात जाते आणि मूल घरात. यावर रेनकोट, गमबूट आणि पंधरा मिनिटांची डबक्यातली उडी हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. परतल्यावर गरम पाण्याने पाय धुवा, टॉवेलने खसखसून पुसा, झालं. पावसात भिजल्याने सर्दी होते असं घरोघर मानलं जातं. सर्दी विषाणूंनी होते आणि पावसाळ्यात ते बंद खोल्यांतून जास्त पसरतात.

घरात असताना जोर लागेल अशी कामं शोधा. हाताला, खांद्याला ताण पडणारं काम केल्यावर बरीच मुलं निवतात. कणीक मळायला मूठभर गोळा वेगळा द्या. छोटं पोळपाट-लाटणं तुळशीबागेत आणि मंडईच्या आसपास मिळतं. पाव किलो मटार सोलणं, धुतलेले ओले कपडे बादलीतून गॅलरीपर्यंत ओढत नेणं, तांदळाच्या दोन किलोच्या पिशव्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लावणं. ही कामं वेळ काढण्यासाठी नकली बनवू नका. घरात खरंच हवी असलेली द्या. आपल्या हातचे मटार भाजीत पडले, हे मुलाला दिसलं पाहिजे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत मुलांच्या हातांना आसपासच्या साध्या वस्तू दिल्या होत्या. महागड्या खेळण्यांची गरज नाही, हे महाराष्ट्रात तेव्हाच सिद्ध झालं.

खालच्या मजल्यावरच्यांचं काय? उड्यांसाठी एकच जागा ठरवा, शक्यतो ज्या खोलीखाली त्यांची झोपायची खोली नाही ती. तिथे जुनी गादी किंवा दोन सतरंज्यांवर जाड फोमची चटई घाला. टाचांचा आवाज चटईने कमी होतो. खुर्च्या ओढल्याचा आवाज पायांना नमद्याच्या टिकल्या लावून जातो. दुपारी एक ते चार उड्या बंद, हा पुण्यात न सांगताही पाळायचा नियम आहे. आणि तक्रार यायच्या आधी मुलाला घेऊन खाली जा: "काका, हा वर दंगा करतो. दुपारी आम्ही सांभाळतो, संध्याकाळी फार झालं तर फोन करा." ज्या मुलाला खालचे काका नावाने ओळखतात, त्याच्या धावण्याचा त्रास त्यांना थोडा कमी होतो.

किल्ला: वांड मुलासाठी वर्षातलं सगळ्यात चांगलं काम

माती, पाणी, दगड, उचलणं, थापणं, मोडणं, परत बांधणं. दिवाळीतल्या किल्ल्यात असं काही नाही जे या मुलांना आवडत नाही. तो मोठ्यांनी देखणा करून मुलाला लांबून दाखवायची वस्तू केली, की सगळं वाया गेलं.

जागा साधारण तीन फूट बाय दोन फूट. खाली प्लास्टिकचा जुना कागद आणि बाजूने विटांची एक रांग, म्हणजे चिखलपाणी सोसायटीच्या फरशीवर वाहत नाही. सामान: दहा-बारा विटा किंवा मोठे दगड, एक गोणपाट, तीन-चार घमेली चाळलेली लाल माती, बादलीभर पाणी. मधोमध विटा रचून डोंगराचा उंचवटा करा. एक बाजू उभी, एक उतरती. मातीत पाणी घालून भज्यांच्या पिठाइतका सैल काला करा, गोणपाट त्यात बुडवून निथळवा आणि उंचवट्यावर पांघरा. सुरकुत्या पडतील तशा पडू द्या, त्याच नंतर कडेकपाऱ्या होतात. वरून घट्टसर मातीचा बोटभर थर थापा.

माती वाळून तडकते, हा नेहमीचा त्रास. कारण दोन: थर एकदम जाड दिलेला असतो आणि नुसती चिकणमाती वापरलेली असते. चार भाग मातीला एक भाग बारीक वाळू घाला, पातळ थर दोनदा द्या आणि पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा.

हिरवळीसाठी अळीव सगळ्यात सोपे. ओले झाले की ते बुळबुळीत होतात आणि उतारावरही चिकटून बसतात. ओल्या मातीवर पातळ पेरा; दोन-तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत बोटभर हिरवं. म्हणजे वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरायला हवेत. तांब्याने पाणी ओतलं तर बी वाहून खाली गोळा होतं. झाकणाला भोकं पाडलेली बाटली मुलाच्या हातात द्या. रोज सकाळी उठल्या उठल्या किल्ल्याकडे धावणारं मूल शाळेसाठी आपोआप जागं होतं, हा जोडलाभ.

वाटण्या अशा: तीन वर्षांच्याने काला कालवायचा, चारच्याने दगड आणि पाणी, पाचच्याने पायऱ्या कोरायच्या आणि महाराजांचं सिंहासन कुठे ते ठरवायचं. चित्रं कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात. मातीचे मावळे हाताळताना मोडतात, तेव्हा जास्तीचे पाच-सहा घ्या. आणि मुख्य किल्ल्याशेजारी फूटभर जागा लहानग्यासाठी राखून ठेवा, जिथे त्याने दिवसातून दहा वेळा बांधावं आणि पाडावं. ही जागा नसेल तर तो मोठ्या भावंडाचा बुरूज पाडणार, हे ठरलेलं.

रस्ता, दुचाकी, गणपती

स्कूटरवर पुढे उभं केलेलं मूल पुण्यात जागोजागी दिसतं. अचानक ब्रेक लागला की ते थेट हँडलवर आदळतं. नऊ महिने ते चार वर्षं वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडलेला सुरक्षापट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम आहे. पट्ट्याची सवय घरात, उभ्या गाडीवर, खेळ म्हणून लावा. भर रहदारीत पहिल्यांदा बांधायला गेलात, तर ते ताठ होऊन बसेल.

गणपतीत आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला रात्रीच्या गर्दीत आणि ढोल-ताशाच्या शेजारी नेऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी, मानाचे गणपती शांतपणे बघून होतात. निघण्याआधी मुलाच्या हातावर बॉलपेनने आपला मोबाइल नंबर लिहा आणि त्या दिवशीचा एक फोटो काढून ठेवा, म्हणजे कपड्यांचा रंग आठवत बसावं लागणार नाही.

झोप, खाणं, साखर

तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप लागते, दुपारची धरून. सकाळी साडेसहाला उठायचं असेल आणि दुपारची झोप सुटली असेल, तर रात्री साडेआठच्या आसपास डोळे मिटायला हवेत. पुण्यातली जेवणंच नऊला होतात, तिथे गाडी घसरते. मुलाचं जेवण साडेसातला वेगळं करा. झोपायच्या आधीच्या तासात स्क्रीन आणि कुस्ती दोन्ही नको. थकलेलं मूल पेंगतं असं नाही, उलट जास्त उधळतं. रात्री दहाला सोफ्यावरून उड्या मारणाऱ्या मुलाला खरं तर झोप हवी असते.

साखर खाल्ली की मूल पिसाळतं, हा समज नियंत्रित चाचण्यांमध्ये खरा ठरलेला नाही. वाढदिवसाला मुलं उधळतात ती गर्दी, आवाज आणि चुकलेल्या झोपेने. केक कमी द्यायचा तो दातांसाठी. पळता पळता खायला देऊ नका; अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत टाळा. धावता-हसता घशात अडकतात.

रोजची पंधरा मिनिटं

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. रोज पंधरा मिनिटं मूल म्हणेल तो खेळ, आणि पुढाकार त्याचाच. फोन दुसऱ्या खोलीत. या वेळात शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत ('हा कुठला रंग?' हाही नको), सुधारणा करायची नाही. फक्त दिसतं ते बोला: "तू बस उलटी केलीस. आता सगळे प्रवासी खाली पडले. कंडक्टर वर चढला." सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. दोन-तीन दिवसांत मूल जवळ सरकून बसायला लागतं.

याच वेळात त्याच्या त्रासदायक गुणांची दुसरी बाजू दिसते. ज्या चिकाटीने ते दुकानात लोळतं, त्याच चिकाटीने बरणीचं झाकण वीस वेळा फिरवून शेवटी उघडतं. 'शाब्बास' एवढंच म्हणू नका, नेमकं सांगा, "झाकण बसत नव्हतं, तरी तू सोडलं नाहीस." नेमकं सांगितलेलं त्याला पुन्हा करता येतं. एक छोटी वही ठेवा आणि मुलाची वाक्यं तारखेसह, जशीच्या तशी लिहा, चुकीच्या व्याकरणासकट. 'पाऊस दमला का?' असं काही ते बोलतं आणि संध्याकाळपर्यंत घरातले सगळे विसरतात.

आपला तोल

ओरडणं तोंडात आलं, तर मूल सुरक्षित आहे एवढं बघा, "मला राग आलाय, मी पाणी पिऊन येते," म्हणा आणि दोन मिनिटं स्वयंपाकघरात जा. ओरडून झालंच, तर नंतर माफी मागा, छोटी आणि कारणांशिवाय. घरात दोन मोठी माणसं असतील तर सहा ते आठ या वेळेच्या पाळ्या लावा: एकाकडे मूल, दुसऱ्याकडे स्वयंपाक, आणि दर आठवड्याला अदलाबदल. एकट्याने सांभाळणाऱ्या आईने किंवा बाबाने त्या दोन तासांत स्वयंपाक कमीत कमी ठेवावा. मुगाची खिचडी आणि ताक हे पूर्ण जेवण आहे.

डॉक्टरांकडे कधी

दंगा वयाचा आहे की मागे दुसरं काही आहे, हे पुढच्या गोष्टींवरून तपासा. हाकेला वळत नाही किंवा टीव्ही सतत मोठा करतं: कान तपासा. रात्री घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं: नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असू शकतात, आणि मोडलेल्या झोपेचं मूल दिवसा चंचल असतं. फिकट दिसतं, माती-खडू खातं, चिडचिड फार: हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी करून घ्या. तीन वर्षं झाली तरी छोटी वाक्यं जुळवत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, नजर देत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द गेले: थांबू नका, 'मुलगे उशिरा बोलतात' हे ऐकून वर्ष घालवू नका. रोज अनेकदा दीर्घ आकांडतांडव, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा, शाळेतही आणि घरीही तेच: बालरोगतज्ज्ञांना विचारून विकास-बालरोगतज्ज्ञांकडे जा.

रडता रडता श्वास धरून मूल निळं पडलं, तर आधी त्याला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, गदागदा हलवू नका. बहुधा मिनिटभरात श्वास आपोआप सुरू होतो. तोवर आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा. लगेच सावरलं नाही तर ११२ ला फोन लावा. पहिल्यांदा झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेही रक्तातलं लोह तपासायला सांगतील, कारण लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं.

दवाखान्यात मूल बहुतेक वेळा शहाण्यासारखं बसतं आणि पालकांना नेमकं सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीची ती चार रकान्यांची नोंद आणि घरातल्या प्रसंगाचा मिनिट-दोन मिनिटांचा व्हिडिओ बरोबर न्या. व्हिडिओ फक्त डॉक्टरांना दाखवायचा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही.